तात्यांच्या सेटचा फ्यूज

तात्या, घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला, ते नव्वदच्या दशकातलं वर्ष मला अजून नीट आठवतं. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन असताना मोटारींच्या गोंगाटावरून तुमची हाक ऐकू यायची, आणि आता माळेगावच्या घरात तुम्ही पाटीवर लिहून पाणी मागत होता. भेटायला येणारे पाटी बघून अवघडायचे, मग येईनासे झाले. उरला तो तुमचा हॅम रेडिओचा, हौशी लोक दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतात तो, जुना, व्हॉल्व्हचा सेट. त्यावर तोंडानं बोलावं लागत नव्हतं. ठिपके-रेघांच्या मोर्स लिपीत किल्ली टकटकवली की झालं. नेमका तोच बंद पडला. बटण दाबलं की फ्यूज उडायचा. "एवढंच बोलणं हुतं त्यांचं, तेबी गेलं," आई म्हणाली.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात होते. तिसरा फ्यूज उडाल्यावर चिडून मी त्याच्या जागी जाड तार बसवायला घेतली. तुम्ही माझा हात झटकलात आणि पाटीवर लिहिलंत, ‘सेट जाळतीस का? आधी कारण हुडीक.’ मला रडू आलं, पण तुम्ही पाटी पुसून पुढचं लिहायलाही लागला होता.

मग ती दुपार. सेटला जाणारी वीज बल्बमधूनच जावी म्हणून वायरीत तुम्ही मला शंभर वॅटचा बल्ब जोडायला लावता. बटण दाबते, बल्ब लख्ख पेटतो. म्हणजे आत शॉर्ट आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह काढायला सांगता, आणि बल्ब मंदावतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत, दोष पुढं. तुम्ही हसता, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. फुगलेला कंडेन्सर मला सापडतो. दुसऱ्या दिवशी बारामतीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तसलाच आणून मी स्वतः कथलाचा डाग देऊन बसवला.

फ्यूज टिकला. तुम्ही किल्ली पुढं ओढलीत. पलीकडून कुणी अनोळखी माणूस उत्तर देऊ लागला, आणि त्याच्या लेखी तुम्ही चारचौघांसारखेच बोलत होता. "हसत्यात बघ," आई दारातून म्हणाली. पुढं जगलात ती चार वर्षं तुम्ही रोज कुणाशी तरी बोललात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी करून ठेवून देईन. पण एक कबूल करते. मला मोर्स येत नाही, असं तुम्ही समजत होता. तुमची टकटक ऐकून ऐकून मी ते कधीच शिकले होते. त्या दिवशी तुम्ही त्या माणसाला कळवलंत, सेट माझ्या मुलीनं दुरुस्त केला. तेच दोनदा. मी मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिले, काही कळलंच नाही असं दाखवत.