रावजी आणि प्रभाच्या बांगड्या

सोलापूर, श्रावण शुद्ध ७, सन १९३१

चि. सौ. शकुंतलेस अनसूयाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मामंजी गेले, वैरागचे घर बंद झाले आणि एकनाथ मला इथे घेऊन आला. सख्ख्या भावाने आणखी काय करावे? प्रभाही गुणी पोर आहे. भावजय म्हणून उलटून एक शब्द बोलत नाही, पण एरवीही बोलत नाही. माझे विधवेचे लाल आलवण दिसले की बिचारी बिचकतेच. एकनाथ दिवसभर कचेरीत. मी आपली ओसरीवर रावजीच्या पिंजऱ्यापाशी.

आता त्या रावजीनेच घोटाळा केला आहे. पिलू होता तेव्हापासून हा पोपट माझ्या हातावर वाढला. इथे प्रभाने पेरूची फोड पुढे केली की हा तिचे बोट फोडतो. काल रक्त आले. एकनाथ संतापून म्हणाला, दसऱ्यापर्यंत हा माणसांत आला नाही तर धुळाप्पाच्या हवाली करीन. हा धुळाप्पा वळसंगहून ज्वारी घालायला येतो. तो लगेच म्हणाला, लई झाक पाखरू हाय, द्या की मळ्यावर. मला धडकीच भरली. रावजी गेला तर मी तोंड उघडू कुणाशी?

तू लहानपणी साळुंक्या पाळायचीस. काही सुचव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

केम, श्रावण वद्य २

ती. गं. भा. ताईस शकूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

रावजी तुझ्यावरच गेला आहे, परक्याला जवळ करायचे नाही म्हणजे नाही. रागावू नकोस. त्याला आता तू भरवू नकोस. वाटी प्रभाने ठेवावी आणि लांब शेंगा फोडीत बसावे, रोज थोडे जवळ सरकावे. आणि तो चावतो कधी ते नीट बघ. सगळ्यांना चावतो की तिलाच? हात दिसल्यावर की त्याआधी?

इकडे स्टेशनाच्या कामात ह्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून मला निघता येत नाही. जिवाला लावून घेऊ नकोस. आठवण ठेव.

तुझी शकू

सोलापूर, भाद्रपद शुद्ध १०

चि. सौ. शकुंतलेस अनेक आशीर्वाद वि. वि.

तू सांगितलेस तसे बघत बसले. एकनाथाला तो चावत नाही, नुसता फुगतो. प्रभाचा हात दिसायच्या आधीच पिसे फुलवतो. परवा तिने बांगड्या वर सारून पदर गुंडाळला होता, तर मुकाट डाळ खाल्लीन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शकू, आमच्या वैरागच्या घरात मामंजी आणि मी. तिथे बांगडी कधी वाजलीच नाही. तो आवाज रावजीला भुतासारखा वाटतो.

सवाशिणीला बांगड्या उतरव म्हणणार कोण? मग रावजीनेच शिकायला हवे. मी प्रभाकडून जास्तीच्या हिरव्या बांगड्या मागून घेतल्या. ती आधी गोरीमोरी झाली, मग कारण सांगितल्यावर हसली. मी त्या मुठीत धरून हळूच वाजवते आणि रावजीला मिरची देते. आता तो दचकत नाही. हातात घालायचा मोह झाला का म्हणून विचारशील. झाला. खूप झाला. खोटे कशाला लिहू?

लोभ आहे तो असाच राहो.

तुझी ताई

केम, भाद्रपद वद्य १

ती. गं. भा. ताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून रडले. पण ताई, आता त्या बांगड्या प्रभानेच वाजवायच्या आणि मिरचीही तिनेच द्यायची. तू ओसरीवर बसूच नकोस, माजघरात जा. तू समोर असलीस तर तो तुझ्याकडेच धाव घेणार. तुला जड जाईल हे मला कळते. पण त्याला घरात ठेवायचे तर हेच करायला हवे.

तुझ्या मायेची भुकेली,
शकू

सोलापूर, आश्विन शुद्ध १२

चि. सौ. शकुंतलेस अनेक आशीर्वाद वि. वि.

दसरा झाला. धुळाप्पा आला आणि ज्वारी घालून रिकामाच गेला. एकनाथाने सोन्याचे पान पिंजऱ्यालाही खोवले. रावजी आता प्रभाच्या खांद्यावर बसून तिचा कान ओढतो. स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या नुसत्या वाजल्या तरी याची हाकाहाक. प्रभा त्याच्याशी इतके बोलते की ही बोलकी पोर इतके दिवस कुठे होती असे वाटते.

मी माजघरातून ऐकते. काल दुपारी सगळे निजले होते म्हणून जवळ गेले, पिंजऱ्यात हात घातला. त्याने हाताकडे पाहिले, आवाजाची वाट पाहिली आणि पाठ फिरवली. प्रभा मात्र जागी होती, तिने हे दारातून पाहिले. वन्सं, त्या बांगड्या तुमच्याजवळ असू द्या, तुम्हीही वाजवा, म्हणाली. मनाने फार चांगली आहे गं. मी नको म्हटले. मी वाजवल्या तर तो येईल, पण माझ्याकडे आला असे मला वाटणार नाही.

केमला तुझ्याकडे थोडे दिवस यावे म्हणते. इथे माझ्यावाचून कुणाचे अडत नाही. त्याचेही नाही. ये म्हणून लिही, म्हणजे निघते.

तुझी ताई