जुन्या जीपला काय मानवतं

१२ नोव्हेंबर, बुधवार
जीप सुरू झाली नाही. सेल्फ फिरला, खोकली, बंद. नुसता शेडभर पेट्रोलचा वास.
ह्यांना खुर्ची टाकून दिली होती, बघत बसले. पक्षाघातापासून तोंडातून एकच शब्द निघतो, ‘पाणी’. जेवण पाणी, औषध पाणी, मी पण पाणी. जीपकडे बोट करून आजही तेच म्हणाले.
संध्याकाळी नागपूरहून सुमेधचा फोन. “आई, भंगारात देऊन टाक. चालवणार कोण?”
“मी.”
हसला पोरगा. मी नाही हसले. वनखात्याच्या लिलावातली गाडी, ह्यांच्या आवडीची. आणि ती का चालत नाही हे मला कळायला पाहिजे.

१४ नोव्हें.
दिनेशभाऊ मिस्त्री आले. “जयभीम मॅडम” म्हणून थेट बॉनेटखाली. पंपाकडे जाणारा रबरी पाईप काढून माझ्या हातावर ठेवला. चिकट, पाकातून काढल्यासारखा.
“आताच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळून राहिले ना. जुन्या रबराले सोसत नाही.”
“कुठलं स्पिरिट?”
“उसाचं, मक्याचं. आपल्या तांदळाच्या कनकीचं पण.”
मी ऐकून होते. पाहिलं नव्हतं. बघायचं ठरवलं.

१५ नोव्हें.
अंगणात, गॅसपासून लांब. काचेच्या बाटलीत थोडं पाणी, वर पेट्रोल. पाण्याच्या रेषेवर पेनाची खूण. झाकण लावून हलवली, ठेवून दिली. थोड्या वेळाने रेषा खुणेच्या वर! स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्यात उतरलेलं. शाळेत शिकवताना हे सगळं फळ्यावरच उरकलं. बाटलीत बघायला जास्त मजा.
ह्यांना दाखवलं. मी समजावत होते. ह्यांनी डावा हात ओठांशी नेला, पेला लावल्यासारखा, आणि म्हणाले, “मोहाची.”
स्वच्छ. मोहाची.
“काय म्हणालात?”
“पाणी.”
पण मी ऐकलं.

१८ नोव्हें.
गोंदियात पार्टच्या दुकानात. दुकानदार म्हणे, “मॅडम, इसका तो अब कुछ आता ही नहीं. बेच दो.” विकायचा सल्ला इथे फुकट मिळतो. दोन तऱ्हेचे पाईप घेतले, एक साधा, एक नव्या पेट्रोलला चालणारा. पंपातला पडदाही (डायफ्रॅम) मिळाला, नव्या रबराचा. पाईप बसवायच्या आधी दोन्हीचा एकेक तुकडा पेट्रोलच्या बरणीत टाकून शेडमागे ठेवला. ह्यांची लगेच एक चक्कर झाली तिथे. झाकण बघितलं, परत आले.

२१ नोव्हें.
साधा तुकडा फुगला. नख दाबलं तर खूण राहते. दुसरा होता तसाच. दिनेशभाऊंनी दुसराच बसवला, पडदा बदलला, टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. “पाईपाची परीक्षा घेणारी बाई पयल्यांदाच पायली,” म्हणाले.
आणि सुरू झाली.
आवाज ऐकून हे उठले. काठी न घेता. दोन पावलं येऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी मागे, धरायला तयार.

२२ नोव्हें., शनि.
गिअर ऑइल. दुकानातून आलेल्या डब्यावर जीएल-पाच. सुमेधने इंटरनेटवर शोधून कळवलं, त्यातल्या गंधकाने जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात, जीएल-चार घे. (म्हणजे तोही शोधून राहिलाय. बोलला नाही काही.) चारचा डबा आणला. मग वाटलं, ह्यांना विचारावं. दोन झाकणांत दोन्ही ऑइलं ओतून समोर ठेवली. वास घेतला. पाच नंबरचं दूर सरकवून दिलं.
माहीत होतं म्हणून, की वास उग्र म्हणून?
त्यांची पाठ वळल्यावर जागा बदलल्या. पुन्हा तेच सरकवलं. दोनदा म्हणजे पुरावा नाही. तिसऱ्यांदा ठेवलं तर रागावून उठून गेले.
चूक माझी. माणूस आहे, बरणीतला तुकडा नाही.

२४ नोव्हें.
सकाळी भाकरी टाकत होते. खुर्ची रिकामी. शेडमध्ये गेले तर हे ड्रायव्हरच्या सीटवर. चावी माझ्याकडे होती म्हणून बरं. उतरायला तयार नाहीत. ओरडले मी. मग रडले.
सुमेधला सांगितलं. “म्हणूनच म्हणत होतो, विकून टाक. एक दिवस चावी सापडली तर?”
ज्याला मी औषध समजून दुरुस्त करत होते, तेच उद्या...

२६ नोव्हें.
आज पुन्हा हे तिथेच बसले होते. ओरडायचं नाही असं ठरवून मी शेजारी बसले. म्हटलं, “अहो, ब्रेक दाबा बघू.”
उजवा पाय. जागचा हलला नाही. मग डाव्या हाताने मांडी उचलून पाय पेडलवर ठेवला. जोर लावला. मानेच्या शिरा दिसल्या. पेडल जेमतेम खाली.
आपल्या पायाकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. ब्रेक दाबायला सांगायलाच नको होतं बहुतेक. पण सांगितलं.
दुपारी जेवले नाहीत.

२७ नोव्हें.
दिनेशभाऊंनी ब्रेकची रबरं बदलली. शेल्फवरचा अर्धा डबा ब्रेक ऑइल वापरू म्हणत होते. मी नाही म्हटलं, उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो. “हे पण बाटलीत पायलं का?” “नाही, हे वाचलं.” सीलबंद डबा आणून भरला.
संध्याकाळी बाहेर काढली तर हे शेडपाशी उभे. ड्रायव्हरच्या बाजूने आले, क्षणभर थांबले. बॉनेटला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. आपण होऊन.
तलावाच्या पाळीवर, बांधावर, नेली. चढावर इंजिन घरघरायला लागलं, मी तिसऱ्या गिअरातच. हे समोर बघत म्हणाले, “दुसरा.”
टाकला दुसरा. चढली. वर ब्रेक दाबला, जागच्या जागी उभी.
पाळीवर बराच वेळ बसलो. पाणकोंबड्या.

२९ नोव्हें., शनि.
आजचं पान मी जीपमध्येच लिहून राहिले. अक्षर वाकडं येतं, इंजिन सुरू आहे.
सुमेध सकाळी आला तो विकायचं बोलायला. आधी बसून तर बघ, म्हटलं. मागे बसला. त्याने विचारलं, “बाबा, कुठं जायचं?” ह्यांनी रस्त्याकडे हात केला, नुसता सरळ. आमगाव गाठलं तरी हात सरळच.
आता फाट्यावर आहोत. एक रस्ता देवरीहून चिचगडकडे, दुसरा सालेकशाकडे. दोन्हीकडे ह्यांनी वनखात्यात नोकरी केली. दोन्हीकडे जंगल. आणि हे झोपले आहेत, मान खिडकीला टेकून, तोंड उघडं.
सुमेध चहा घेऊन आला. म्हणतो, “झोपू दे त्यांना. चिचगडला जाऊ. की तू म्हणशील तिकडे.”
विकायचा विषय त्याने अजून काढला नाही.
मला ह्यांना उठवून विचारायचंय. काय म्हणतील ते ऐकायचंय.