उरलेली बाही

मी, निवृत्त दंतवैद्य, हल्ली मुक्काम चौथ्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली, माझ्यामागे काय कोणाचे ते पूर्ण शुद्धीवर सांगून ठेवत आहे. अंग गळाले आहे, डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, म्हणून मी सांगतो आणि माझी पत्नी लिहिते. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या, तिच्यानंतर मुलीच्या.

२. दवाखान्यातली खुर्ची धाकट्या भावाला. तिच्यावर त्याचा कधीचा डोळा आहे. स्वतःचा दात मात्र त्याने मला कधी दाखवला नाही, भित्रा कुठला.

३. आमचे मंडळ दरवर्षी जुन्या वेढ्याची लढाई मैदानावर पुन्हा उभी करते. कपडे त्या काळचेच हवेत असा नियम आहे: हातशिलाई, सुती दोरा, हाडाची बटणे. नियम मला मान्य आहे. त्यापायी मी भल्याभल्यांच्या चेन उसवायला लावल्या. पण कपडे तपासणारे आमचे गृहस्थ, ज्यांना सगळे 'भिंग' म्हणतात, त्यांनी हिने आणि मी मिळून शिवलेला डगला चारचौघांत परत केला. ही डावखुरी, टाके उलटे कलतात. "एका डगल्यावर दोन हात दिसतात, वहिनी. नाही चालणार." तेव्हापासून हिने सुईला हात लावलेला नाही. अहो, त्या काळी अख्खे घर मिळून एक डगला शिवायचे! संग्रहालयातल्या डगल्यांवर तीन-तीन हात दिसतात. भिंगांना परोपरीने सांगितले. ऐकतील तर शपथ.

४. यंदा निशाण धरायचा मान आमच्या मुलीला मिळाला आहे. तिच्या डगल्याची एक बाही शिवून जोडायची राहिली आहे. काल सुई ओवायला बसलो, जमेना, रडलो. मुलीला शिवता येत नाही, यंत्राची शिलाई चालत नाही. मला तिला त्या डगल्यात बघायचे आहे आणि दिवस हातातून निसटताहेत. मला भीती वाटते. ती बाही, सुई आणि मेण लावलेला दोरा मी पत्नीला देतो. मेल्यावर नाही, आत्ता.

(लिहिणारीकडून: मी घेत नाही. डगला पुरा झाला की हे निवांत डोळे मिटतील. अर्धा आहे तोवर त्यांचा जीव त्यात अडकलेला आहे.)

तिने वरचे मला वाचून दाखवले. वेडी आहे. अगं, मला औषधाने धरून ठेवले आहे, आणि आता तेही थकले. "मग मी कशाला धरून राहू?" म्हणते. तरी हात जोडतो, बाई, शिव.

५. भिंगांनी हे वाचून खाली सही करावी आणि उलट्या कलाचा टाका मान्य असल्याचे लिहून द्यावे. नसेल जमत तर माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये.

मृत्युपत्र करणाऱ्याचा अंगठा.

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. कपडे तपासनीस, ऊर्फ भिंग (सही). टाका मान्य. दोरा मात्र सुतीच असावा.

स्थळ: रस्त्याकडची खोली.
दिनांक: ७ मार्च, शुक्रवार.

लिहिणारीकडून, सह्या झाल्यावर: बाही मांडीवर घेतली आहे. खांद्याकडून मी शिवत येते. मनगटाजवळची चार बोटे शिवण सोडणार आहे. ती तुम्ही शिवायची, वाकडी आली तरी चालेल. आणि ती शिवून होईपर्यंत कुठेही जायचे नाही.