गाडी खालून धुतली का?

बाबा, मला गाडीवर काम मिळालं. टँकर आहे, पाण्याचा, आणि जागा म्हणशील तर राजस्थानात, वाळवंटात, जिथं जमिनीतून तेल काढतात. तुला खरं वाटणार नाही, कारण मी सलग आठ दिवस एक काम केलेलं तू कधी पाहिलंच नाहीस. आत्ता दुपार आहे. पाणी भरायच्या रांगेत माझ्या पुढं अकरा गाड्या आहेत, म्हणून लिहायला बसलो. समोरची वाळू उन्हानं इतकी पांढरी झालीय की मला सारखी आपली मिठागरं दिसतात. फक्त बगळे नाहीत, त्यांच्या जागी एक उंट उभा आहे आणि तो मघापासून माझ्याकडंच बघतोय. जाऊ दे, उंटाचं काय एवढं.

तू गेल्यावर मी घरी टिकलो नाही. काशीदला दोन सीझन बनाना बोटीवर होतो, वादळानंतर दिवेआगरला घरांवर पत्रे चढवले, श्रीवर्धनला सुपाऱ्या सोलल्या, मग तीन वर्षं डंपर चालवला, मग परत दिवेआगरला शहाळी विकायला. कुठूनही फोन केला तरी आई एकच विचारायची, "जेवलास का?" तिथं एक दिवस ते काका भेटले, तुझ्याबरोबर मिठाच्या गाडीवर असायचे ते. म्हणाले, "तिकडं तेलाच्या इहिरींवर डायवर पायजेत. हेवी लायसन हाय ना तुज्याकडं? मंग हितं नारलं सोलत काय बसलास?" मी धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, लायसनवर तशी नोंद करून घेतली आणि निघालो. इथं ठेकेदाराच्या ऑफिसबाहेर तीन दिवस बाकावर बसवलं. मग सुपरवायझर म्हणाला, तेलाचा टँकर नव्या माणसाला देत नाही, आधी पाण्याचा आठवडाभर चालवून दाखव, मग ठेवायचं का ते बघू.

सहाव्या दिवशी रविवार होता. कामगारांच्या कॅम्पवर पाणी उतरवून मी गाडी बाजूला घेतली. टाकीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी पाइप जोडला, गाडीखाली शिरलो आणि चासी धुवायला लागलो, स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत, टाकीच्या पट्ट्यांखाली, तू शिकवलं होतंस तसं मागून पुढं. कुणी सांगितलं नव्हतं, हातच गेले. मिनिटभरात आरडाओरडा ऐकू आला. डोकं बाहेर काढून बघतो तर कामगार रिकामे कॅन घेऊन उभे, आणि माझ्या गाडीखालचं पाणी वाळू पिऊन टाकतेय. सुपरवायझर धावतच आला. "अरे ओ समुंदर! पीने का पानी है ये! बाप ने सिखाया क्या ऐसा?"

हो, बापानंच शिकवलं होतं. सहा दिवस मीठ वाहायचं आणि सातव्या दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवायची, हा आपल्या घरचा नेम. "मीठ वरून दिसत न्हाय. खालून खातं," असं तू म्हणायचास. मी एकोणीसचा झालो तेव्हा ते काम तू माझ्यावर सोपवलंस. त्यातला एक रविवार मला सोडत नाही. तू जेवायला बसलायस, आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, जवळ्याचा वास सुटलाय. तू विचारतोस, "गाडी खालून धुतली का?" आणि मी घास चावत म्हणतो, "व्हय." दिवसभर मी जेटीवर बोटी बघत बसलो होतो. संध्याकाळी वरून चार बादल्या मारल्या, दिसायला ओली. तू उठून वाकून बघितलं नाहीस. आईला म्हणालास, "पोरगा लागला गो कामाला," आणि तुझ्या ताटातली तळलेली मांदेली माझ्या ताटात टाकलीस. मी ती खाल्ली, बाबा. चवीनं खाल्ली.

मग घाटाच्या उतारावर तुझे ब्रेक गेले. गाडी चौकीमागं आणून उभी केली होती. तपासायला आलेल्या साहेबांनी ब्रेकच्या हवेचा पाइप बोटांनी दाबून दाखवला, तो बिस्किटासारखा तुटला. काका म्हणाले, नशीब. मी मान डोलावली.

इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते मी त्या रविवारी इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सांगितलं. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, कुठून आलास, वाळवंटात गाडी का धुतोस? मी माझ्या मोडक्या हिंदीत बोललो, एक इतवार नहीं धोया, और मेरा बाप गया. म्हातारा ओल्या वाळूत आडवा झाला, मला खाली ओढलं आणि ब्रेकच्या पाइपवरून बोट फिरवत म्हणाला, "बेटा, एक इतवार में पाइप नहीं सड़ता. महीनों लगते हैं. तू अपने सिर पे मत ले." मी गाडीखालीच रडलो. तो थांबला, एखादा नट घट्ट आहे का बघितल्यासारखं वर बघत राहिला. मग जाऊन सुपरवायझरला म्हणाला, मेलेल्या बापाचा नेम पाळणारा पोरगा आहे, असा कुठं मिळणार, ठेवून घे.

तर असं काम पक्कं झालं. सगळे मला समुंदर म्हणतात. मी गेलो की कामगार मुद्दाम कॅन छातीशी धरतात आणि हसतात. आईला फोन केला, ती म्हणाली, "बापाचं नाव राखलंस रं." मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज होती.

रांग हलतेय. ट्रिपच्या कागदामागं लिहिलंय हे, तो ऑफिसात द्यायचा असतो, मी हरवला म्हणून सांगेन. मिस्त्रीला मी एक रविवार म्हणालो. एक नव्हता, बाबा. एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत मी एकदाही गाडीखाली गेलो नव्हतो.