खंडेनवमीला अडकलेला पंखा

परभणी, १८ ऑक्टोबर १९९४

चि. काशीनाथ,

गुरुवार, १३ ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकरा. ही वेळ आधी लिहून घे, कारण तू ती नाकारशील. आशीर्वाद त्यानंतर. तुझा खोकला गेला का, सूनबाईंची कंबर कशी आहे, तेही कळव.

तुझा जुना कॉम्प्युटर मला देताना तू म्हणालास, "आत्या, परभणीचं ऊन आहे, झाकण उघडंच ठेव." ठेवले. खंडेनवमीला बायनाबाईने (माझ्याकडे स्वयंपाकाला येते) विळी, खलबत्ता आणि शिवणयंत्राबरोबर त्याचीही पूजा केली. हळदकुंकू थेट प्रोसेसरवरच्या कूलरला, म्हणजे त्या काडेपेटीएवढ्या पंख्याला, आणि वर झेंडूची माळ. मी बटण दाबले. पंख्याने माळेचा दोरा गिळला आणि मान टाकली. तेव्हापासून थोडे टाइप केले की प्रोसेसर तापतो आणि पडदा गोठतो. आत माझे इंग्रजी व्याकरण आहे. ते दिवाळीत छापखान्यात गेले नाही, तर दहावीच्या मुली पुन्हा त्या चुकांनी भरलेल्या गाइडवर परीक्षेला बसतील.

"कुठलाही स्वस्तातला बसव," हा त्याच दिवशी सव्वाअकराला तू फोनवर दिलेला सल्ला. (स्वस्तातले तूच का सुचवतोस, याचा मी विचार करते आहे.) स्टेशन रोडच्या दुकानदाराने दोन दाखवले. एक महाग, सीलबंद, फिरवून दाखवा म्हटले तर, "बाई, सील तुटलं की परत घेणार न्हाई." दुसरा स्वस्त, पण त्याचे एक पाते तुटके. म्हणे, "हवा तेवढीच लागतीय." मापासाठी माझा पंखा ठेवून घेतला आणि काल तिसराच पुढे केला: "तैवानचा हाय, लय थंड ठेवतोय, तुमच्यासाठी कमीत." मी चष्मा लावला. पात्याच्या बेचक्यात हळद होती. तैवानात खंडेनवमी कधी असते, एवढेच मी विचारले. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेल्या थंड आवाजात. तो म्हणाला, "साफ तर केलाय न्हाई का." मी पंखा पुरावा म्हणून उचलून आणला.

तुझी आत्या,
प्रभावती

ता.क. बायनाबाईला बोलू नकोस. नारळ मी अंगणात फोडायला लावला, म्हणून एवढ्यावर निभावले.

ता.क. २. पुरावा बसवून पाहिला. फिरतो. व्याकरण आज पूर्ण झाले. ते कागदावर उतरवायला प्रिंटर लागतो, हे तू मला सांगितले नव्हतेस. तुझ्याकडे आहे. दिवाळीला येताना आण. आणतोस की नाही, ते वसुबारसेच्या आत लेखी कळव. फोन नको, फोनवर तू हो-हो म्हणतोस, आणि त्यावर सही घेता येत नाही.