विहीणबाई आल्या तेव्हा कढईत कांदाभजी होती

धुळे, शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

हाताला अजून कांद्याचा वास येतोय. येऊ दे.

आमच्या सुनेचं, रेखाचं, माहेर जळगावचं जैन. लग्नाला दोन वर्षं झाली, पण तिच्या आईनं इथे पाऊल ठेवलं नव्हतं. आज संध्याकाळी न कळवता दारात उभ्या, आणि नेमकी कढईत कांदाभजी. मीठ लावून कांद्याला सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवलं होतं, म्हणून छान कुरकुरीत झाली होती. पण वास घरभर. रेखानं बशी पदराआड केली. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेले सगळे शिष्टाचार विसरले मी, 'या'सुद्धा म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच परत गेल्या तर?

"विहीणबाई, वास पार रिक्षात येत होता," त्या चपला काढत म्हणाल्या. "दुसरी कढई आहे ना? मला कच्च्या केळ्याची तळा. दिवस बुडायच्या आत."

म्हणजे आमच्याकडे खाणार होत्या. घाईत काप जाडे-पातळे झाले. त्यांनी सगळे खाल्ले. मग रेखाकडे न बघता म्हणाल्या, "तुझी खा ना आता. गार झाली की मऊ पडतात."

दोन वर्षांनी पोरगी आईशेजारी बसून खात होती.