फेट्यासकट मोजलेली उंची

पिंपरी,
ता. १४ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप ज्योतीरामदाजी यांना भिमाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं सगळी खुशाल. आईचा गुडघा धरलेलाच आहे. इंदुताई नि पोरं बरी आहेत. बरी कसली! महिना झाला ताईला माहेरी आणून, माझ्याशी ती एक अक्षर बोलत नाही.

दाजी, आज जे कळलं ते आधी सांगतो. कंपनीच्या दवाखान्यात भरतीच्या माणसांची उंची मीच मोजतो, तुम्ही भरतीला आलात तेव्हा पाहिलंतच. आज एका म्हाताऱ्या गड्याची मोजत होतो, तर डॉक्टर मागून ओरडले, "अरे गाढवा, माणूस मोजतोस की फेटा?"

मी म्हटलं, "साहेब, वडीलधाऱ्याला फेटा उतरव कसं म्हणायचं?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, छाती तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकलेला श्वास पुरेसा की कमी, हे उंची आणि वय बघून ठरतं. उंच माणसाकडून जास्त श्वास अपेक्षित धरतात, वय झालेल्याकडून थोडा कमी. तू उंची वाढवून लिहिलीस की धडधाकट माणूसही नापास होणार.

मला एकदम तुमचा तो जरीचा फेटा आठवला. तुमच्या तपासणीचा कागद काढला, तर माझ्याच अक्षरात पाच फूट दहा! अहो, तुमच्या हळदीला आपण पाठीला पाठ लावून उभे राहिलो होतो, दोघंही पाच फूट पाच. डॉक्टरांनी उंची-वयाचा तक्ता पुन्हा पाहिला. तेवढ्या उंचीला तुमचा श्वास पुरेसा आहे. "बोलाव त्यांना, नीट मोजू," म्हणाले.

म्हणजे तुमच्या छातीला काही झालंच नव्हतं. आणि मी शहाणा! कागदावर "फुप्फुस कमजोर" वाचलं नि घरी येऊन क्षय, क्षय म्हणून बोंब ठोकली. तळेगावला येऊन ताईला नि पोरांना तुमच्या दारातून मीच आणलं. धाकटीला जवळ घ्यायला तुम्ही हात पुढं केलात, तर मी तिला मागं ओढलं. देवा, काय करून बसलो मी हे!

ताईला आत्ता सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. उठून पोरांचे कपडे गाठोड्यात बांधायला लागली.

रविवारी तिघांना घेऊन येतो. मला घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. कंपनीत मात्र फेटा बांधूनच या. उतरवा म्हणून हात जोडून मीच सांगेन.

तुमच्या हातातून लेक ओढून नेणारा तुमचा मेहुणा,
भिमाजी